कॅमेरा कोणाबरोबर घराबाहेर पडतो?

वाचकांचे प्रश्न : चित्रपट

मागच्या अंकात मूकपटांतील विनोदावर एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यानंतर सांगली, मिरज, सातारा आणि वाई येथून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे होता, आणि ती म्हणजे त्या काळच्या विनोदी चित्रपटांत नवऱ्याने बाहेर पाऊल टाकले तर हशा पिकतो आणि बायकोने टाकले तर जाब विचारला जातो. या वेळचे सदर म्हणूनच या एका विषयासाठी ठेवले आहे.

प्रश्न : आपले टिपण वाचून माझे यजमान आणि मी चार्ली चेस या अमेरिकी विनोदी नटाचा १९२६ सालचा ‘मायटी लाइक अ मूस’ हा मूकपट इंटरनेटवर पाहिला. यजमान पोट धरून हसले. मलाही हसू आले, पण शेवटाकडे ते ओसरले. नवराबायको दोघांनी एकच गोष्ट केली असताना बायकोला धडा शिकवण्याचा अधिकार नवऱ्याला कोणी दिला, असा प्रश्न मी विचारला, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीची गंमत आहे, तिच्यात काय शोधायचे, असे उत्तर मिळाले. मी उगाच मनाला लावून घेते आहे का?
(एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : नाही. आपण चित्रपट नीट पाहिला आहे आणि आपला प्रश्न त्या चित्रपटाच्या गाभ्याचा आहे. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. नवऱ्याचे दात पुढे आलेले आहेत, बायकोचे नाक मोठे आहे आणि दोघांनाही आपापल्या रूपाची लाज वाटते. दोघेही एकमेकांना न सांगता शस्त्रक्रिया करून घेतात. त्यानंतर रस्त्यात समोरासमोर येतात तेव्हा ओळख पटत नाही, आणि परका पुरुष व परकी स्त्री समजून ते एकमेकांवर भाळतात व चोरून एका मेजवानीला जातात. ही बाई आपलीच बायको आहे हे नवऱ्याच्या आधी लक्षात येते. त्या क्षणी तो स्वतःचे वागणे पार विसरतो आणि तिला अद्दल घडवण्यासाठी घरातच एक मारामारी रचतो. त्या मारामारीत संतापलेला नवराही तोच असतो आणि मार खाणारा प्रियकरही तोच.

दिग्दर्शक लिओ मॅकॅरी यांनी हा चित्रपट हॅल रोच यांच्या स्टुडिओसाठी केला. दोन रिळांच्या या चित्रपटाचा पूर्वार्ध मला फार न्याय्य वाटतो, कारण कॅमेरा नवऱ्याबरोबर जितका घराबाहेर पडतो तितकाच बायकोबरोबरही पडतो. तिची लाज, तिची हौस, नव्या चेहऱ्याने आरशात पाहतानाचा तिचा आनंद हे सारे आपल्याला दिसते. पारडे झुकते ते नवऱ्याला सत्य कळल्यानंतर. अपराध दोघांचाही सारखाच असतो, फक्त माहिती एकाला आधी मिळालेली असते, आणि ज्याला आधी कळले तो न्यायाधीश होतो. आपले हसू ओसरले ते नेमके याच जागी. आपल्या यजमानांचे ओसरले नाही, याचे कारण तोवर कॅमेरा पूर्णपणे नवऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलेला असतो आणि प्रेक्षकाने कोणाबरोबर हसायचे हे त्याने ठरवून टाकलेले असते.

तरीही या चित्रपटावर मला राग धरता येत नाही. बायकोच्या प्रियकराला झोडपणारा हा नवरा प्रत्यक्षात स्वतःलाच झोडपत असतो. पुढे आलेले खोटे दात लावले की अब्रूदार गृहस्थ आणि दात काढले की दुसऱ्याच्या बायकोमागे लागलेला रंगेल पुरुष, असे दोघे एकाच देहात राहतात, आणि त्यातला एक दुसऱ्याला शिक्षा करण्याचा आव आणतो. पुरुषाच्या दुटप्पीपणाचे याहून स्पष्ट चित्र मला त्या काळच्या विनोदात आढळलेले नाही. चेस आणि मॅकॅरी यांना आपण काय दाखवत आहोत हे कळत होते असे मी मानते. पुढे १९३७ साली मॅकॅरी यांनीच ‘द ऑफुल ट्रुथ’ या बोलपटात एकमेकांवर संशय घेणाऱ्या जोडप्याची गोष्ट सांगितली. तिच्यात बायकोला नवऱ्याइतकीच हुशारी आणि तितकाच खट्याळपणा मिळाला, आणि त्या चित्रपटासाठी त्यांना दिग्दर्शनाचे ऑस्कर पारितोषिकही लाभले.

सगळेच असे नव्हते. अमेरिकेतील बायोग्राफ कंपनीच्या १९०४ सालच्या ‘द स्टोरी द बायोग्राफ टोल्ड’ या अगदी छोट्या चित्रपटात कचेरीतला पोऱ्या साहेब टायपिस्ट मुलीचे चुंबन घेत असताना गुपचूप कॅमेरा फिरवतो. साहेब बायकोला घेऊन खेळ पाहायला जातात आणि तेच दृश्य पडद्यावर येते. बायको थिएटरात आकांडतांडव करते आणि नंतर कचेरीत येऊन त्या मुलीच्या जागी पुरुष टायपिस्ट नेमते. प्रेक्षक हसून घरी जातात. साहेबांची खुर्ची मात्र जागेवरच राहिलेली असते आणि जाते ती मुलीची नोकरी. तिने स्वतःहून काही केले होते की नाही, हे विचारण्याची गरज त्या चित्रपटाला वाटत नाही.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारे उदाहरण लॉरेल आणि हार्डी यांच्या १९२८ सालच्या ‘वुई फॉ डाउन’ या मूकपटाचे आहे. बायकांना थाप मारून दोघे बाहेर पडतात, दोन अनोळखी तरुणींच्या घरी पोचतात आणि शेवटी पकडले जातात. बायको बंदुकीचा बार काढते, आणि तो आवाज ऐकताच आजूबाजूच्या इमारतींच्या खिडक्याखिडक्यांतून पुरुष पँट सावरत बाहेर उड्या टाकतात. बऱ्याच वर्षांपूर्वी सांगलीतल्या एका घरी आम्ही काही मंडळी हा मूकपट पाहत होतो, तेव्हा या दृश्याला खोली दणाणून गेली होती आणि मीही मनापासून हसले होते. रात्री घरी गेल्यावर मात्र मनात आले की त्या प्रत्येक खिडकीआड एक स्त्रीसुद्धा होती. पुरुष उडी मारून पळाला, पण मागे राहिलेल्या स्त्रीच्या घरी तिचा नवरा परतला असेल तेव्हा काय झाले असेल? तिचा चेहरा आपल्याला एकदाही दिसत नाही. विनोद पळणाऱ्यांचा होतो, मागे राहणारीचा होऊ शकत नाही, कारण तिच्या बाबतीत पुढचा प्रसंग हसण्याजोगा नसतो.

मूकपटाच्या तंत्राचाही यात वाटा आहे. संवाद ऐकू येत नसल्यामुळे थाप डोळ्यांना दिसेल अशी रचावी लागते, आणि मग चिखलाने भरलेला कोट, खिशातले हातमोजे, जळून गेलेल्या नाटकगृहाची वर्तमानपत्रातील बातमी अशा वस्तू साक्षीदार होतात. थाप मारणारा रस्त्यावर असतो आणि थाप ऐकणारी घरात असते. कॅमेऱ्याला हालचाल हवी असते, म्हणून तो रस्त्यावरच्याबरोबर जातो, आणि जो वाटेत आपल्या सोबत असतो त्याच्या लबाडीत आपण नकळत भागीदार होतो. घरात थांबलेली बायको आपल्याला भेटते ती थेट दारात लाटणे किंवा बंदूक घेऊन. शंभर वर्षांपूर्वीची गंमत म्हणून हे सोडून देता येते, हे यजमानांचे म्हणणे मला मान्य नाही. हसताना आपण कोणाच्या बाजूला बसवले गेलो आहोत हे समजून हसल्याने हसू कमी होत नाही, एवढे त्यांना माझ्या वतीने जरूर सांगावे.

प्रश्न : मी वकिली करतो. त्या काळी निरनिराळ्या देशांच्या कायद्यांतही पती आणि पत्नी यांच्यात असा भेद होता. त्याचा या विनोदांशी काही संबंध जोडता येईल का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : जोडता येतो आणि जोडलाच पाहिजे. इंग्लंडमध्ये १८५७ च्या कायद्यानुसार बायकोचा व्यभिचार एवढ्या एका कारणावर नवऱ्याला घटस्फोट मिळत असे. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्याग यांसारखा आणखी एखादा अपराध सिद्ध करावा लागे. ही विषमता १९२३ साली दूर झाली, म्हणजे मूकपटांच्याच काळात. फ्रान्समध्ये १८१० च्या दंडसंहितेनुसार व्यभिचारी पत्नीला तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकत असे, आणि पतीने रखेल थेट राहत्या घरात आणून ठेवली तरच त्याला दंड होई, तोही केवळ पैशांचा.

हा कायदा डोळ्यांसमोर ठेवून फ्रेंच दिग्दर्शक रने क्लेर यांचा १९२८ साली पडद्यावर आलेला ‘द इटालियन स्ट्रॉ हॅट’ पाहावा. एकोणिसाव्या शतकातील लाबीश यांच्या नाटकावरचा हा मूकपट क्लेर यांनी १८९५ सालच्या पॅरिसमध्ये नेऊन ठेवला. लग्नाला निघालेल्या एका तरुणाचा घोडा झुडपाला अडकवलेली बाईची गवती टोपी खाऊन टाकतो. झुडपामागे ती विवाहित स्त्री एका लष्करी अधिकाऱ्याबरोबर असते, आणि टोपीशिवाय घरी गेले तर नवऱ्याला संशय येईल म्हणून तशीच दुसरी टोपी आणून देण्याची जबाबदारी त्या नवरदेवावर येऊन पडते. मग वऱ्हाड, सासरा आणि नवरी यांची जी त्रेधा उडते ती पाहताना हसू आवरत नाही. परंतु ती बाई सारखी घेरी येऊन का पडते, हे आपण दंडसंहिता जाणता म्हणून आपल्याला सांगावे लागणार नाही. तिच्या दृष्टीने त्या टोपीची किंमत तुरुंगाइतकी आहे. तिच्या जागी एखादा पुरुष असता आणि त्याची हॅट घोड्याने खाल्ली असती, तर कथाच उभी राहिली नसती, कारण त्याने नवी हॅट विकत घेतली असती आणि तो घरी जेवायला गेला असता.

आपल्याकडील कलम ४९७ आपल्याला ठाऊकच आहे, इतर वाचकांसाठी दोन वाक्ये लिहिते. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील या कलमाने परस्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली होती, स्त्रीला शिक्षा नव्हती. वरवर पाहता ही स्त्रीला दिलेली सवलत वाटते, पण त्या स्त्रीच्या नवऱ्याची संमती असेल तर तो गुन्हाच ठरत नसे, आणि ज्या पुरुषाने हे केले त्याच्या स्वतःच्या बायकोला तक्रार करण्याचा हक्क नव्हता. गुन्हा घडत होता तो एका नवऱ्याविरुद्ध, जणू त्याच्या मालकीच्या वस्तूला दुसऱ्याने हात लावला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी हे कलम रद्द केले.

प्रश्न : आम्ही हरिपूरला वरचेवर जाणारी मंडळी, त्यामुळे हा विषय निघाला की देवलांचा ‘संशयकल्लोळ’ आठवतोच. आपल्या नाटकांत आणि मूकपटांत हा दुटप्पीपणा होता की नव्हता?
(एक निवृत्त शिक्षिका, मिरज)

उत्तर : आपण देवलांची आठवण काढलीत याचा मला फार आनंद झाला. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरच्या हरिपुरात जन्मलेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी मोलिएर यांच्या १६६० सालच्या फ्रेंच प्रहसनाची कथा, तिच्या इंग्रजी अवतारावरून, आपल्या मातीत आणली. आधी ती ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नावाने गद्यात आली आणि १९१६ साली ‘संशयकल्लोळ’ म्हणून संगीत रंगभूमीवर आली. म्हणजे अमेरिकेत चॅप्लिन बागेतल्या बाकांवर परक्या बायकांशेजारी जाऊन बसत होते, त्याच सुमारास आपल्याकडे फाल्गुनराव आणि त्यांची बायको कृत्तिका एकमेकांवर संशय घेत रंगमंचावर उभी होती.

या नाटकात दोघांच्या संशयाला सारखीच जागा दिलेली आहे. तो तिच्याजवळच्या तसबिरीवरून संशय घेतो, ती त्याला परक्या मुलीला सावरताना पाहून संशय घेते, आणि दोघेही तितकेच चुकलेले असतात. कृत्तिका रडत बसत नाही, ती नवऱ्याला आमनेसामने जाब विचारते. मात्र या समतोलाखालची जमीन सपाट नाही. फाल्गुनरावांचा संशय खरा ठरला असता तर कृत्तिकेला घराचा उंबरा बंद झाला असता. कृत्तिकेचा संशय खरा ठरला असता तर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे फाल्गुनरावांचे एक अंगवस्त्र आहे एवढेच लोकांनी म्हटले असते. हा शब्दच पाहा. खांद्यावर मिरवायच्या उपरण्याचे नाव आपण एका जिवंत बाईला दिले, आणि ती बाळगणाऱ्याला रंगेल, शौकीन, फार तर बाहेरख्याली म्हटले. बाईसाठी कुलटा हा शब्द ठेवला, ज्याचे पुल्लिंगी रूप आपल्या भाषेने कधी घडवलेच नाही. कृत्तिकेच्या तोंडची सरबत्ती मला म्हणूनच फाल्गुनरावांच्या संशयाहून मोठी वाटते. तिच्यामागे कायदा नाही, रूढी नाही, तरी ती त्याच आवाजात बोलते.

मूकपटांकडे वळायचे तर आपल्याकडचा पाया निराळा होता. १९१३ साली दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली, कारण पडद्यावर यायला स्त्री मिळत नव्हती. शिवाय हिंदू पुरुषाला एक बायको असताना दुसरे लग्न करण्यास मुंबई प्रांतात १९४६ पर्यंत आणि देशभर १९५५ पर्यंत कायद्याची आडकाठी नव्हती. तेव्हा घटस्फोट घेऊन पुन्हा पहिल्याच जोडीदाराकडे परतण्याची जी गंमत अमेरिकेत दिग्दर्शक सिसिल डेमिल यांनी लोकप्रिय केली, ती आपल्याकडे जशीच्या तशी येणे शक्य नव्हते.

तरी तिचे एक भावंड आपल्याकडे जन्मले. डेमिल यांच्या १९२० सालच्या ‘व्हाय चेंज युवर वाइफ?’मध्ये ग्लोरिया स्वॉन्सन यांनी केलेली चष्मा लावणारी, गंभीर प्रकृतीची बायको नवऱ्याला नकोशी होते. तो दुसरीकडे वळतो, आणि ती उंची, झगझगीत कपडे घालू लागल्यावर परत येतो. इकडे चंदुलाल शहा यांच्या १९२७ सालच्या ‘गुणसुंदरी’मध्ये मिस गोहर यांनी घरकामात बुडालेल्या बायकोची भूमिका केली. नवरा बाहेर रमू लागतो, आणि त्याला परत आणण्यासाठी तीही बाहेरच्या जगात पाऊल टाकते. या चित्रपटाचे इंग्रजी नाव ‘व्हाय हजबंड्स गो अस्ट्रे’ असे होते, म्हणजे नवरे का भरकटतात. प्रश्न नवऱ्यांविषयीचा आहे आणि उत्तर मात्र बायकोकडून मागितले आहे. न्याय म्हणून हेही नोंदवते की डेमिल यांनी ‘व्हाय चेंज युवर वाइफ?’च्या आदल्याच वर्षी, १९१९ साली, ‘डोन्ट चेंज युवर हजबंड’ केला होता. त्यात बायको गबाळ्या, कांदे खाणाऱ्या नवऱ्याला सोडते आणि सुधारणे नवऱ्याच्या वाट्याला येते. तेवढे धाडस आपल्याकडे तेव्हा झाले नाही.

प्रश्न : स्त्रीपुरुषांना एकाच मापाने मोजणारा मूकपट कोणता? महाविद्यालयातल्या आमच्या गटाला एकच पाहायचा आहे.
(एक विद्यार्थिनी, वाई)

उत्तर : एकच म्हटले तर अर्न्स्ट लुबिश यांचा १९२४ सालचा ‘द मॅरेज सर्कल’. वेळ उरला तर त्याआधी आलिस गी या पहिल्या स्त्री दिग्दर्शिकेचा १९०६ सालचा ‘स्त्रीवादाचे परिणाम’ हा काही मिनिटांचा फ्रेंच मूकपट पाहावा. त्यात पुरुष शिवणटिपण करतात, मुले सांभाळतात, लाजतात, आणि बायका कॅफेत धूर सोडत बसून त्यांच्या मागे लागतात. शेवटी पुरुष बंड करून आपली जागा परत घेतात, पण तोवर नेहमीचे चाळे उलट्या बाजूने पाहून प्रेक्षकाला जे कळायचे ते कळलेले असते. स्वीडनमध्ये मॉरिट्झ स्टिलर यांनी १९२० साली ‘एरोटिकॉन’मध्ये याच्याही पुढचे पाऊल टाकले. तिथे किड्यांच्या संसारावर व्याख्यान देणाऱ्या प्राध्यापकाची बायको एका शिल्पकाराकडे जाते, प्राध्यापकमहाशय चांगला स्वयंपाक करणाऱ्या भाचीच्या सहवासात सुखी होतात, आणि कोणालाही शिक्षा होत नाही.

लुबिश यांचा चित्रपट व्हिएन्नात घडतो. एका जोडप्याचे बिनसलेले आहे, आणि ते एक शब्द न लिहिता आपल्याला पहिल्या काही मिनिटांत समजते. नवऱ्याच्या मोज्याला भोक आहे, त्याचा कप्पा रिकामा आहे, आणि बायकोचा कप्पा मोज्यांनी भरलेला आहे. दुसरे जोडपे सुखी आहे. पहिल्यातली मिट्झी दुसऱ्यातल्या डॉक्टरच्या मागे लागते, आणि डॉक्टरचा सहकारी डॉक्टरच्या बायकोवर, शार्लटवर, मनातून प्रेम करतो. इथे कॅमेरा चौघांपाचजणांबरोबर आळीपाळीने घराबाहेर पडतो. मिट्झी लबाड आहे, पण तिला राक्षसीण केलेले नाही. डॉक्टर सज्जन आहे, पण त्याचे पाय डळमळतात. शार्लट पतिव्रता आहे, आणि तरीही नवऱ्याच्या सहकाऱ्याच्या ओठांपर्यंत प्रसंग जातो.

शेवटचा प्रसंग पाहताना आपल्या गटाने चित्रपट क्षणभर थांबवून डॉक्टरचा चेहरा नीट न्याहाळावा. नवऱ्याचे प्रकरण उघड झाल्यावर शार्लट त्याला सांगते की माझ्याकडूनही एक चुंबन घडले आहे. ती खरे सांगत असते. नवरा रागावत नाही, तिला घराबाहेर काढत नाही, तो हसतो, कारण आपल्या बायकोकडून असे काही होईल हे त्याला खरेच वाटत नाही. त्याच्या चुकीला खुलासे द्यावे लागले, अश्रू वाहिले, समेट करावा लागला, आणि तिची चूक मात्र त्याच्या लेखी घडलीच नाही. शार्लट त्याच्याकडे पाहत उभी राहते.